साडेआठपर्यंतचा बाबल

आमच्या शेजारच्या बाबलला सकाळी सहज विचारून बघा, "काय रे, काकी कशी आहे?" चारचौघांसारखं "बरी आहे" म्हणून तो मोकळा होणार नाही. आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघेल आणि मग म्हणेल, "साडेआठपर्यंत बरी होती."

"आणि आता?"

"आताचा माका म्हायत नाय, बाई. मी साडेआठाक घराभायर पडलंय."

काकी म्हणजे त्याची सख्खी आई. आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे ओटीवर बसून ती तांदूळ निवडत असते. मला इथून दिसते. त्यालाही दिसेल, नुसती मान वळवली तर. पण तो वळवणार नाही. आपल्याकडे जेवढी माहिती आहे तेवढीच द्यायची आणि ती कुठल्या वेळेची ते सांगायचं, हा त्याचा धर्म. एकदा घाईत विचारलं, "विहिरीला पाणी आहे ना रे?" तर म्हणाला, "सात वाजता होता." अरे मेल्या, विहीर ती! सातचं पाणी आठ वाजता काय एस्टी पकडून कणकवलीला जाणार आहे?

मी जन्मभर प्राथमिक शाळेत पोरं हाकली. तोतरी, चावरी, पळपुटी, सगळी पोरं सरळ केली. हा एक तेवढा राहिला. तिसरीत माझ्याच वर्गात होता. हजेरीला बाकीची पोरं "हजर" म्हणून ओरडायची, हा म्हणायचा, "आत्ता हजर." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण पोरगं हुशार होतं, गणितात कधी चुकत नव्हतं, म्हणून मी कौतुक केलं. त्याची फळं आज गडग्याअलीकडे बसून भोगते आहे.

बाबल इंजिनियर. गावाच्या तोंडी 'बाबल इंजिनेर'. कोल्हापूरला शिकला, पुण्यात नोकरीला लागला, मग बंगळूर, मध्ये चार वर्षं परदेशात. इतकी वर्षं तिकडे काय केलंस असं त्याला चुकूनही विचारू नका, संध्याकाळ जाईल. मीच सांगते. एका फोनातली माहिती आणि दुसरीकडची माहिती एकमेकींशी जुळवायची, हे त्याचं काम. त्याच्या धंद्यातली माणसं त्याला सिंक म्हणतात, बाबल 'जुळवणी' म्हणतो. आपण रेंज नसलेल्या जागी फोनात काहीतरी लिहितो आणि रेंज आली की ते आपोआप जिथे जायचं तिथे जातं ना, ते आपोआप जात नाही. त्यामागे बाबलसारखी माणसं डोकं आपटत असतात.

सुरुवातीला तो औषधं विकणाऱ्या लोकांसाठी काम करायचा. ते गावोगाव हिंडून दवाखान्यांच्या मागण्या फोनात लिहून घ्यायचे आणि शहरात परतले की कचेरीतल्या संगणकाला कळवायचे. एकदा एकाच दवाखान्याची मागणी दोघांनी लिहिली. सकाळच्या माणसाने सलाइनच्या बाटल्या लिहिल्या, संध्याकाळच्या माणसाने नुसता कापूस आणि पट्ट्या. संगणकाचा नियम असा की शेवटी सांगेल तो खरा. त्याने सकाळचं पुसलं आणि दवाखान्यात खोकाभर कापूस जाऊन पडला. कुणाचा जीव गेला नाही, पण बाबलला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

"शेवटी बोललो तोच खरो, ह्यां कोणी सांगला, बाई?" हे मला सांगताना अजून त्याचा आवाज चढतो. "आमच्या वाडीत सगळ्यात शेवटी बोलता तो भौतेक पिऊन इलेलो आसता."

म्हणून त्याने पहिला शोध लावला. एकाच गोष्टीबद्दल दोन फोन दोन गोष्टी सांगत असतील तर एकीवर पाय देऊन दुसरी उभी करायची नाही. दोन्ही ठेवायच्या, कुणी सांगितली आणि कधी सांगितली ते टाचायचं, शेजारी पिवळी खूण करायची आणि माणसाला विचारायचं. त्याचं पेटंट मिळालं. मग दुसरं मिळालं, मध्ये टॉवर नसताना दोन फोन जवळ आले की त्यांनी आपापसात माहिती वाटून घ्यायची. "विहिरीर दोन बायलो भेटतत तशी," असं त्याने मला समजावलं, आणि वर विचारलं, "समाजला ना?" विहिरीवरची बाई म्हणून बहुधा मीच त्याच्या डोळ्यांसमोर होते. तिसऱ्याचा अर्थ असा की सगळं पुराण पुन्हा पाठवायचं नाही, जेवढं बदललं तेवढंच कळवायचं. तिन्ही कागद चौकटीत घालून माजघराच्या भिंतीवर लावलेत. काकी रोज देवपूजा झाली की एकेक फूल त्या चौकटींनाही खोचते. "शिक्को आसा तेच्यार," ती म्हणते. "शिक्को आसा म्हणजे देवाच्या खालोखालच."

इथवर ठीक होतं. मीसुद्धा हौसेने चारचौघांत सांगायचे, माझा विद्यार्थी आहे म्हणून. पण फोनाला शिकवता शिकवता हे सगळं त्याच्या स्वतःच्या अंगात भिनलं, तिथे माझी सहनशक्ती संपते.

सकाळी चहाच्या वेळी गडग्यावरून डोकं काढतो आणि म्हणतो, "पाच झाली."

काय पाच? कसली पाच? काल संध्याकाळी कोंबडीला चार पिल्लं झाल्याचं सांगितलेलं असतं, आज पाचवं अंड्यातून बाहेर आलेलं असतं. बदल तेवढा सांगायचा! मी रात्रभर त्याच्या कोंबडीचा हिशेब उशाशी घेऊन झोपले असणार असं तो गृहीत धरतो. आणि काहीही सांगून झालं की "पोचला?" असं विचारतो. आपण "पोचलं" म्हणेपर्यंत तेच पुन्हा सांगतो. माझी मोठी जाऊ वारली तेव्हा भेटायला आला, माझ्यासमोर बसला, म्हणाला, "वायट झाला." मला हुंदका आला म्हणून मी गप्प. तर हा पुन्हा, "वायट झाला." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी रडता रडता ओरडले, "पोचलं रे बाबा, पोचलं!" तेव्हा कुठे उठला.

आणि 'दोन्ही ठेव' हा तर त्याच्या सगळ्या दुखण्यांवरचा काढा. सोलकढीत लसूण घालायची की नाही यावरून माझ्यात आणि आमच्या ह्यांच्यात वाद झाला, हा म्हणाला, "दोनी ठेवा." तरुणपणी त्याला दोन स्थळं सांगून आली होती, एक देवगडची आणि एक वेंगुर्ल्याची. तेव्हाही विचार पक्का होईपर्यंत "दोनी ठेवा" असं आईला कळवलं होतं म्हणे. दोन्ही मुलींची मुलं आता कॉलेजात आहेत. हा तसाच आहे.

तीन वर्षांमागे एका सकाळी रिक्षातून तो दोन बॅगा आणि एक संगणक घेऊन उतरला तो कायमचाच. गावाला त्याने सांगितलं की कंपनीशी तत्त्वावरून भांडण झालं. वरच्या साहेबाला 'शेवटचा तो खरा' हेच हवं होतं, म्हणून राजीनामा तोंडावर फेकून आलो. गावाने माना डोलावल्या. तोंडावर काहीतरी फेकून आलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे फार आदर असतो.

मग इकडचे शोध सुरू झाले. शाळेची हजेरी झाली, भजनाच्या पाळ्या झाल्या. आमच्या घरात बाजाराची यादी झाली, माझ्या आणि ह्यांच्या फोनात एकच. मी घरून 'बांगडे' लिहिलं. ह्यांना मासळीबाजारात सौंदाळे चांगले दिसले, तिथे रेंज नव्हती, ह्यांनी बांगडे खोडून सौंदाळे लिहिले. बाबलच्या यादीने बांगडेही ठेवले आणि सौंदाळेही ठेवले. आमच्या ह्यांना बायकोपेक्षा फोनाची भीती जास्त, ते दोन्ही घेऊन आले. घरात माणसं दोन, मासळी बारा माणसांची, आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी! तणतणत मी बाबलकडे गेले, तर म्हणतो, "पिवळी खूण होती ती बगलास नाय?"

असा हा माणूस आणि त्यात आली गावपळण.

बाहेरगावच्यांना सांगते. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, कुणी म्हणजे कुणी मागे राहायचं नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे निघतात. नदीकाठी, सड्याच्या कातळावर, जिथे ज्याची रीत असेल तिथे माडाच्या झापांच्या झोपड्या घालायच्या, तीन दगडांची चूल मांडायची. तीन दिवसांनी पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने होकार दिला की परत यायचं. मधल्या काळात गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. वर्षभर बांधावरून भांडणारे तीन दिवस एका किटलीतला चहा पितात. मला गावपळण फार आवडते. या वेळी मात्र बाबल घरी होता. नोकरीमुळे इतकी वर्षं त्याला एकही गावपळण मिळाली नव्हती.

"बाई, गावात कोण मागे रवता नये," तो म्हणाला. "यादी व्हयी."

मानकऱ्यांना कल्पना पटली. बाबलने घरोघर जाऊन चाळीसेक फोनांत यादी घातली. कुठला जीव कुणाबरोबर आणि कुठल्या तळावर हे ज्याने त्याने लिहायचं. तळांवर रेंज नसली तरी चालेल, एका तळावरचा माणूस दुसऱ्या तळावर गेला की फोन आपसांत बोलतील. छान होतं. फक्त आमच्या लोकांचा उत्साह त्याने हिशेबात धरला नव्हता. माझ्या कोंबड्या सात. मी सात लिहिल्या, ह्यांनी सात लिहिल्या, आणि दोघं विसरतील म्हणून बाबलने स्वतः सात लिहिल्या. यादीत एकवीस कोंबड्या आणि एकवीस पिवळ्या खुणा. कुणाची म्हैस दोन तळांवर, कुणाचा सासरा तीन तळांवर. आदल्या संध्याकाळपर्यंत फोन हळदीत बुडवल्यासारखा दिसायला लागला आणि पिवळ्या खुणेकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. मीही सोडलं. खोटं कशाला बोलू?

निघायचा दिवस उजाडला. आमचा तळ नदीपलीकडे होता. बाबलची धाकटी बहीण शैला, गावातच वरच्या वाडीत दिली आहे, तिच्या सासरचा तळ सड्यावर. दोघांत तासाभराची चाल. आम्ही टेम्पोत भांडी, गोणपाटं आणि सात कोंबड्या भरून आठच्या सुमाराला निघालो. बाबल घराला कुलूप लावून नवानंतर आला. आल्या आल्या लोकांच्या झोपड्या मोजायला लागला.

दुपारी चारच्या पुढे शैला सड्यावरून उतरून आली, हातात प्लास्टिकची पिशवी. "आयेच्यो गोळ्यो माझ्याकडे रवल्यो," ती म्हणाली. "खंय आसा ती?"

बाबल झापं बांधत होता. त्याने न बघताच उत्तर दिलं, "तुझ्याकडे."

"माझ्याकडे? ती तुझ्याकडे ना?"

"तू न्हेतंस ना दर गावपळणीक?"

"अरे, पण औंदा तू आसस ना! म्हणान मी तुझ्या नावार लिवलंय!"

बाबलचे हात थांबले. त्याने खिशातून फोन काढला, शैलाने तिचा काढला. दोन फोन जवळ आले, बोलले, आणि काकीच्या नावापुढे पिवळी खूण उगवली. शैलाने लिहिलं होतं 'आये बाबलबरोबर, नदी.' बाबलने लिहिलं होतं 'आये शैलाबरोबर, सडा.' यादी पूर्ण दिसावी म्हणून दोघांनी आदल्या दिवशीच लिहून टाकलं होतं.

"यादी बरोबर आसा," बाबल पुटपुटला. "दोनी नोंदी ठेवल्यान."

माझी शाळेतली मराठी त्या क्षणी सुटली. "फोनान दोन काक्यो ठेवल्यान रे मेल्या! आमका एक तरी दाखव!"

शैला मटकन खाली बसली आणि रडायला लागली. ब्याऐंशी वर्षांची बाई. घराला कुलूप बाबलनेच लावलं होतं, आत ती नव्हती, म्हणजे शैलाकडे गेली असणार असं त्याने धरलं. मग गेली कुठे? विहीर, नदी, उन्हाची भोवळ, काय काय माझ्या मनात आलं ते लिहवत नाही. आणि गावात असली तर गावात जायचं नाही!

बाबल वेशीच्या दिशेने निघालाच होता. सगळ्यात वृद्ध मानकऱ्यांनी काठी आडवी धरली. "वायच थांब. आधी भायर सगळीकडे बगूया. दिवस बुडासर नाय गावली तर मी स्वता तुझ्यावांगडा गावात येतंय. देवाक काय जाब देवचो तो मी देतलंय."

बाबल थांबला. आणि मग त्याने फोन खिशात टाकला, एका पुड्याचा कागद फाडला, पेन्सिल घेतली आणि झोपडीझोपडीतून विचारत सुटला, "माझ्या आवशीक कोणी बगल्यान? किती वाजता?"

जन्मात पहिल्यांदा मला त्याच्या 'किती वाजता'चा राग आला नाही. मी सांगितलं, साडेसातला ओटीवर होती, न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून. आमचे हे कान खाजवत म्हणाले, "आठाक वायच कमी आसताना माका बोलावल्यान. गठडा उचलून डोक्यार दी म्हणाली. मी दिलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू इचारलंस खंय?"

संसाराबद्दल मी इथे काही बोलत नाही. शेवटी एक रिक्षावाला सापडला. साडेआठला त्याने तिला वेशीबाहेर बघितलं होतं, जुन्या तरीच्या वाटेवर. पूल नव्हता तेव्हा जिथून होडीने नदी ओलांडायचे, ती जागा. आता तिकडे कुणी फिरकत नाही. रिक्षात बस म्हटलं तर बसली नाही.

शैलाचा चेहरा उतरला. "थंय बाबा झोपडी घालीत," ती हळूच म्हणाली. "आमी ल्हान होतों तेवा."

तिचे बाबा जाऊन जमाना झाला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. म्हातारीचं मन फिरलं आणि ती नवऱ्याकडे गेली, असं दोघींच्या मनात आलं. तिघं काठाकाठाने चालायला लागलो. बाबल पुढे, जवळजवळ धावतच. मला धाप लागली म्हणून तो थांबला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"बाई, कंपनी मी सोडूक नाय. तेंनी माका सोडल्यानी. नवी पोरां इली, माझा काम जुना झाला म्हणाले. मगे दीड वर्स मी बंगळुराक नुसतो खोलीत बसलंय. कोणाक सांगलंय नाय. फोन फकत आयतवारी वाजा. आयेचो. जेवलंस काय म्हणान इचारी. मी म्हणी, जेवलंय, कामात आसंय." त्याने तोंडावरचा घाम पुसला. "मी इलंय तो तिच्यासाठी. आणि आज बगा. शैलाक धरलंय, यादीक इचारलंय, तिकाच इचारलंय नाय. आये, तू कोणावांगडा जातलंस, एवढा इचारूचा होता."

गेल्या तीन वर्षांत मी त्याच्यावर जितकी खेकसले ते सगळं मला आठवलं. "चल," मी म्हणाले, "आधी शोधू."

धूर दिसला तो आधी मलाच. उंडीच्या झाडाखाली तीन दगड मांडलेले, त्यावर टोप, आणि शेजारी गोणपाटावर ठेवणीतल्या लुगड्यात काकी. हातात डाव होता, आणि चेहरा असा की माझ्या वर्गातली चावरी पोरंसुद्धा घाबरली असती. समोर दोन ताटं धुऊन पालथी घातली होती. सुक्या सुंगटांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास सुटला होता.

"इलंस?" ती बाबलला म्हणाली. "ही काय येवची येळ, झिला?"

शैला धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि रडत रडत, लहान मुलाला समजवावं तशी सांगायला लागली, "आये, बाबा नाय आता. बाबा गेले. तू हंय तेंची वाट नको बगू गो."

काकीने तिला दोन्ही हातांनी लांब केलं आणि नीट बघितलं. "तुझो बापूस जावन बावीस वर्सां झाली, माका म्हायत नाय? माका काय येड लागला?"

"मगे ह्यां दुसरा ताट कोणाचा?"

"ह्येचा," काकीने डाव बाबलकडे केला. "आठ दिस सांगतंय ह्येका, औंदा तू आसस, तर आपण दोघां जुन्या जाग्यार रवया. हो फोनात बगान 'हं' म्हणालो. म्हटलंय, हं म्हणालो म्हणजे येतलो. सकाळपासून तीनदा भात ऊन केलंय."

बाबल उभाच होता. एरवी क्षणाक्षणाची नोंद ठेवणाऱ्या त्या माणसाला आठ दिवसांतला एकही क्षण आठवत नव्हता, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

काकी ताट उताणं करून भात वाढायला लागली. राग अजून गेला नव्हता, डाव ताटावर आपटत होता. "इतकी वर्सां परगावाक रवलंस, एका गावपळणीक इलंस नाय. तुझो बापूस दर खेपेक हंय तुझा ताट वाढी. झील येतलो, गाडी चुकली आसतली म्हणी. सांज झाली काय उठान तां कुत्र्याक घाली." तिने वाटीतलं सुंगटाचं तिखलं भातावर ओतलं आणि ताट पुढे सरकवलं. "बस. जेव."

बाबल मातीतच बसला. मान खाली घालून जेवायला लागला. खांदे हलत होते, पण घास थांबला नाही. काकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमी कित्याक उब्यो? तुमका ताटां आणूक नाय मी."

शैलाने गोळ्यांची पिशवी काकीच्या शेजारी ठेवली, मी तिचा हात धरला आणि वळले. म्हातारी सापडली असं तळावर सांगायचं होतं, दिवस बुडायच्या आत. वाटेत शैला रडत होती आणि हसत होती, आणि मी तिला ओरडत होते, कारण न ओरडते तर मीही रडले असते. वळणावर थांबून एकदा मागे बघितलं. बाबल ताट पुढे करून आणखी भात मागत होता.